एका गाण्याचे दोन सातबारे

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी मिरजेची. वय सत्तावीस. बी.कॉम. झाले, एका खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवते. महिन्याला चौदा हजार मिळतात. नववीपासून गाणं शिकते आहे. तीन वर्षांपूर्वी संतांच्या अभंगांना स्वतःच्या चाली लावायला लागले. धाकटा भाऊ पखवाज वाजवतो, लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही तोच करतो. आत्तापर्यंत चार गाणी आम्ही एका ऑनलाइन वितरकामार्फत स्पॉटिफाय, जिओसावन, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब अशी सगळीकडे सोडली. वर्षभरात हातात आले ११४० रुपये. वितरकाची वर्गणीच १६०० आहे!

गेल्या आषाढीला तुकोबांच्या एका अभंगाचं रील टाकलं, सगळ्यांना माहीत असलेल्या चालीतच. ते २ लाख ३० हजार वेळा पाहिलं गेलं. पण तेच पूर्ण गाणं यूट्यूबवर टाकलं तर कॉपीराइटचा क्लेम आला. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क कसा काय? आणि वर आमच्या स्वतःच्या चालीतल्या जनाबाईंच्या अभंगावरही क्लेम आला!

रील पाहून मुंबईच्या एका म्युझिक कंपनीनं करार पाठवलाय. चार जुनी आणि दोन नवी अशा सहा गाण्यांचे सर्व हक्क कायमचे, मोबदला एकरकमी ४० हजार. दुसरा एक जण १५ हजारांत ‘एक लाख स्ट्रीम्स’चं पॅकेज देतो म्हणतोय. भाऊ म्हणतो, ४० हजार घेऊ, वर तीन लाखांचं कर्ज काढून घरीच नीट स्टुडिओ करू. बाबा म्हणतात, दोन वर्षं घे, नाहीतर बँकेच्या परीक्षांना बस. मला नोकरी सोडून पूर्ण वेळ गाणं करायचंय. सोडू का?

करार आणि गाण्यांच्या लिंक सोबत पाठवतेय. नाव छापू नये, ही विनंती.

उत्तर

नोकरीचं शेवटी बोलू. आधी क्लेमचं, कारण तिथं जी गफलत झालीय तीच करारावर सही करताना होणार आहे, आणि ती जास्त महाग पडेल.

तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या, म्हणजे सातबारा काय असतो हे मी सांगायला नको. एका गाण्याचे दोन सातबारे असतात. पहिला शब्दांचा आणि चालीचा. त्यावर कवी आणि संगीतकार असे दोन खातेदार. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. ज्यानं पैसे घालून रेकॉर्डिंग केलं, साधारणपणे तो त्याचा मालक. रानही वेगळं, उतारेही वेगळे, आणि उत्पन्न येण्याच्या वाटाही वेगळ्या.

तुकोबा १६५० मध्ये गेले. त्यांचे शब्द गायरान आहेत, कुणीही गुरं चारावीत. पण तुम्ही जी ‘सगळ्यांना माहीत असलेली’ चाल गायलात ती कुणीतरी बांधलेली आहे. आपल्याकडे लोकांच्या ओठावर असलेल्या कितीतरी अभंगांच्या चाली गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या आहेत. ऐकता ऐकता आपल्याला त्या ज्ञानोबा-तुकोबांइतक्याच जुन्या वाटायला लागतात, हे खरं तर त्या संगीतकारांचं यश. आपल्या कायद्यात चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ संपेपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या मालकीच्या राहणार. तो क्लेम खरा आहे. भांडू नका. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे मालकाला जातात, एवढंच. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, हेही लक्षात घ्या. स्ट्राइक म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओच उतरवणं. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेलच बंद होतं. क्लेमनं तसं होत नाही. मात्र तेच गाणं परवानगीशिवाय स्पॉटिफायवर सोडू नका.

जनाबाईंच्या अभंगाचं प्रकरण वेगळं. तुमची लिंक हेडफोन लावून तीनदा ऐकली. चाल सुरेख आहे, दुसऱ्या अंतऱ्यात कोमल निषादावर थांबून तुम्ही जे करता ते मला फार आवडलं. पण मागचा तानपुरा दर आठ सेकंदांनी त्याच जागी हलकासा ‘टक्’ करतो. म्हणजे तो लूप आहे, पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा, भावानं कुठून तरी फुकटचा उतरवलेला. यूट्यूबची यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवून पाहते. तोच लूप वापरून आणखी कुणी गाणं केलं आणि त्याची नोंद त्या यंत्रणेत केली, की तिच्या लेखी तुम्ही चोर. इथं मात्र हरकत घ्या. लूप जिथून घेतला तिथला परवाना जोडा. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात, अनेकदा तो उत्तरच देत नाही आणि क्लेम सुटतो.

पण खरं सांगू? मिरजेत राहून तानपुरा डाउनलोड करायचा? २०२४ मध्ये तुमच्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंतुवाद्यांच्या कुठल्याही दुकानात जा, जवारी नुकतीच काढलेला तानपुरा तासभर मागा, तुमच्या पट्टीत लावून घ्या आणि मोबाईल नव्हे, बऱ्यापैकी मायक्रोफोन ठेवून दहा मिनिटं रेकॉर्ड करा. तो तानपुरा जन्मभर पुरेल आणि त्यावर कुणाचा बाप क्लेम लावणार नाही.

आता करार. इथं मला माझी गोष्ट सांगावी लागेल, जी मी सहसा सांगत नाही.

१९९४ साली मी आठ बालगीतांना चाली लावल्या. शब्द माझ्याच मैत्रिणीचे. एका कॅसेट कंपनीच्या कचेरीत आम्ही दोघी गेलो. मालक सज्जन होते, चहा मागवला, बिस्किटं मागवली. टेबलावर टाइप केलेला कागद होता, खाली कार्बन आणि दुसरी प्रत. आम्ही वाचला नाही. वाचणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं वाटलं. रेव्हेन्यू स्टँपवर सही केली आणि सहा हजार रुपये निम्मे निम्मे वाटून घेतले. तेव्हा तीन हजार म्हणजे मला केवढे वाटले होते! बाहेर पडून आम्ही मस्तानी प्यायलो. पुढं कंपनी दुसऱ्यानं घेतली, त्याच्याकडून तिसऱ्यानं. चार वर्षांपूर्वी माझ्या नातीच्या शाळेत स्नेहसंमेलनाला त्यातलंच एक गाणं बसवलं, मीच पेटीवर होते. शाळेनं व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि संध्याकाळी क्लेम. मालक म्हणून ज्या कंपनीचं नाव होतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. माझी चाल, मीच वाजवलेली पेटी, माझी नात, आणि हक्क भलत्याचाच. त्या सज्जन माणसानं मला फसवलं नव्हतं. मीच खरेदीखतावर सही केली होती.

तुमच्या पुढ्यात आहे तेही खरेदीखतच आहे. करार मी वाचला. ‘इन परपेच्युइटी’ आणि ‘थ्रूआउट द युनिव्हर्स’ हे शब्द त्यात शोभेला नाहीत. पहिल्याचा अर्थ कायमचं, दुसऱ्याचा अर्थ मंगळावर कुणी ऐकलं तरी त्यांचंच. आणि त्यात दोन्ही सातबारे एकदम लिहून घेतलेत, मास्टरही आणि चालही. म्हणजे उद्या तुम्हालाच तुमची जनाबाई नव्यानं रेकॉर्ड करायची झाली तर त्यांची परवानगी काढावी लागेल. ‘आत्ता ज्ञात आणि पुढे शोधलं जाईल असं कोणतंही तंत्रज्ञान’ असाही एक तुकडा आहे. तुमच्या आवाजाची यंत्रावर नक्कल करायला उद्या तेच वाक्य पुढे केलं जाऊ शकतं. २०२४ मध्ये अरिजित सिंगला आवाजाच्या अशा नकला थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. तो अरिजित सिंग होता म्हणून जाऊ शकला.

कायदा तुमच्या बाजूनं थोडा तरी आहे, तो माहीत असू द्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला निम्मा वाटा काही केल्या विकता येत नाही, सोडूनही देता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा हक्क गोळा करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. म्हणजे ‘संगीतकार कोणतीही रॉयल्टी मागणार नाही’ हे तुमच्या करारातलं वाक्य कायद्यापुढं टिकणारं नाही. दुसरं, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तर त्यांनी ‘कायमचं’ आणि ‘ब्रह्मांडभर’ असं आवर्जून लिहिलंय.

कंपनीला सरळ नाही म्हणू नका. रान विकणार नाही, खंडानं देईन, म्हणा. फक्त मास्टर, फक्त त्या चार जुन्या गाण्यांचे, तीन वर्षांसाठी. चाल आणि शब्द तुमच्याकडे. उत्पन्नात ठरलेला टक्का, दर सहा महिन्यांनी लेखी हिशेब, आणि ४० हजारांऐवजी पंधरा हजार आगाऊ दिले तरी हरकत नाही. मुदत मात्र तारखेसकट लिहून घ्या, नाहीतर कूळ लागलंच म्हणून समजा. ते तयार झाले तर उत्तम, त्यांची पोच तुमच्यापेक्षा मोठी आहे. झाले नाहीत तर त्यांना तुमचं गाणं चालवायचं नव्हतं, साठ्यात भर घालायची होती. अशा कंपन्या शंभर गाणी घेतात, दोन चालतात, अठ्ठ्याण्णव पडून राहतात. त्यांना परवडतं. तुमच्याकडे सहाच आहेत. सही करायच्या आधी सांगली-कोल्हापुरातल्या एखाद्या वकिलाला दोन-तीन हजार देऊन करार वाचून घ्या. मस्तानी नंतर प्या.

पंधरा हजारांच्या पॅकेजवाल्याला ब्लॉक करा. त्याचे एक लाख श्रोते म्हणजे कुठल्यातरी खोलीत रात्रंदिवस चालणारे फोन आणि प्रोग्राम. स्पॉटिफाय हे ओळखतं, आणि २०२४ पासून अशा गाण्यांबद्दल वितरकाकडून दंड घेतं. वितरक तो तुमच्याच माथी मारतो, गाणं काढून टाकतो, कधी कधी खातंही.

आता ते ११४० रुपये. तुम्हाला वाटतं तसा एका ऐकण्याचा ठरलेला दर नसतो. महिन्याभरात एखाद्या देशातून जेवढे पैसे जमले त्यातला कंपनीचा हिस्सा वजा करायचा, उरलेली रास एकूण ऐकण्यात वाटायची. तुमच्या वाट्याला किती येणार हे रास केवढी यावर ठरतं. आपल्याकडे बहुतेक लोक जाहिराती सहन करत फुकट ऐकतात, म्हणून रास लहान. न्यू जर्सीत कुणी दर महिन्याला वर्गणी भरून तीच जनाबाई ऐकते तेव्हा त्याच ऐकण्याचे तुम्हाला कितीतरी जास्त मिळतात. वर आणखी एक. ज्या गाण्याला बारा महिन्यांत हजार स्ट्रीम्स झाले नाहीत त्याला स्पॉटिफाय २०२४ पासून काहीच देत नाही. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत चारपैकी दोन गाणी हजाराच्या आत आहेत. तिथून शून्य आलं ते म्हणून.

शिवाय वितरकाकडून येतं ते फक्त दुसऱ्या सातबाऱ्याचं पीक. पहिल्याचं पीक तुम्ही कापलेलंच नाही! चालीचे पैसे आयपीआरएस नावाची संस्था गोळा करते. १९६९ पासूनची आहे, कवी-संगीतकारांची. त्यांचं सभासदत्व घ्या आणि गाणी नोंदवा. नोंदवताना जनाबाईंच्या शब्दांपुढं स्वतःचं नाव घालू नका. असे महाभाग पाहिलेत मी. शब्द पारंपरिक, चाल तुमची, असंच लिहा. गायिका म्हणून जो हक्क असतो त्यासाठी इसामरा ही वेगळी संस्था आहे, तिकडेही अर्ज करून ठेवा. लगेच घबाड मिळणार नाही. पण नोंद नसलेल्या गाण्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात किंवा कुणाच्याच जात नाहीत.

नोंदीवरून आठवलं. तुमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार गाण्यांत तीन प्रकारे आहे. त्यामुळे स्पॉटिफायवर तुम्ही तीन वेगळ्या बायका आहात. वितरकाला लिहून ते एक करून घ्या. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा एक आयएसआरसी कोड मिळालेला असतो, तो वहीत उतरवून ठेवा. उद्या वितरक बदललात तर तोच कोड द्यायचा, म्हणजे आजवरचं ऐकणं पुसलं जात नाही. आणि नवं गाणं सोडायच्या आदल्या दिवशी अपलोड करू नका. तीन आठवडे आधी करा, म्हणजे स्पॉटिफायवरच्या गाण्यांच्या याद्या लावणाऱ्या संपादकांकडे ते आधी पाठवता येतं. निदान सात दिवस आधी तरी पाठवावंच लागतं. यूट्यूबच्या कमाईचं खातं उघडाल तेव्हा अमेरिकेचा कराचा फॉर्म भरा. तिकडच्या प्रेक्षकांमुळे आलेल्या पैशांवर २०२१ पासून तिकडचा कर कापला जातो. फॉर्म भरला तर आपल्या देशासाठी १५ टक्के, नाही भरला तर त्याहून जास्त.

एवढं सगळं नीट केलंत तरी पुढच्या वर्षी ११४० चे फार तर पाच-सहा हजार होतील. मग हे करायचं कशाला?

कारण ऑनलाइन गाणं ही पाटी आहे, दुकान नव्हे. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडनं २०१० मध्ये नव्या अल्बमची गाणी दर महिन्याला एक अशी चक्क फुकट वाटली. मुरलेले, नावाजलेले लोक. गाणं फुकट पोचलं तरी कार्यक्रमाला माणूस तिकीट काढून येतो, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांनी २००३ मध्ये ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू केलं. कविता, पेटी, गप्पा. सीडीचा धंदा बसला, रिंगटोनचा आला आणि गेला, तो कार्यक्रम मात्र वीस वर्षांनंतरही लागतच होता. उलट बाजूही आहे. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं मराठी शब्दांचं हाउस गाणं (क्लबात नाचायच्या इलेक्ट्रॉनिक ठेक्यावरचं) रील्सवरून देशभर गेलं, मला मनापासून आनंद झाला. पण वीज कुठं पडेल यावर कुणी पेरणीचं गणित बांधत नाही. तुमच्या २ लाख ३० हजारांतून चॅनेलला किती नवे लोक जोडले गेले? तुम्हीच पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर आहे, १८६.

त्या १८६ मध्ये मला रस आहे.

असं करा. येत्या दोन महिन्यांत एक घरगुती बैठक ठेवा. हॉल नको, स्टेज नको. कुणाची तरी गच्ची, वाड्याची ओसरी, क्लासची रिकामी खोली. पंचेचाळीस माणसं, प्रत्येकी २५० रुपये, आधी यूपीआयनं. झाले ११,२५०. पेटीवाल्याला १५००, दोन स्पीकर आणि मिक्सरचे १५००, उपमा-चहा माणशी ३० प्रमाणे १३५०. भावाच्या पखवाजाचे २००० लिहायचेच, घरचा आहे म्हणून फुकट वाजवून घ्यायचं नाही. त्यानंच नंतर भांडणं होतात. उरले ४९००. वर्षभराच्या स्ट्रीमिंगच्या चौपटीहून जास्त, एका संध्याकाळी. तुम्ही अकाउंट्स शिकवता, मी कुठं चुकले असेन तर कळवा.

आणि दारात वही ठेवा. नाव, गाव, फोन नंबर. जाताना प्रत्येकाला तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तुमच्या डोळ्यांदेखत सेव्ह करायला लावा. कारण व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी फक्त त्यांनाच पोचते ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो. एका यादीत २५६ माणसं मावतात. मी ओळखते अशा एका भारूड गाणाऱ्या बाईंकडे अशा तीन याद्या आहेत. एक कोल्हापूर-सांगलीची, एक पुण्याची, एक परदेशातल्या मराठी मंडळींची. रील त्या करत नाहीत. जमत नाही म्हणतात. कार्यक्रम ठरला की यादीला निरोप, तीन दिवसांत जागा भरतात. इन्स्टाग्रामनं उद्या नियम बदलला, तर तुमचे २ लाख ३० हजार एका रात्रीत दिसेनासे होतात. टिकटॉकवाल्यांना विचारा, २०२० च्या जूनमध्ये काय झालं. वही मात्र तुमच्या कपाटातच असते.

बैठका सात-आठ झाल्या की मंडळांचे फोन येतात. आषाढी, गणपती, कोजागरी, दिवाळी पहाट. परदेशातली महाराष्ट्र मंडळंही ऐकीव नावावर बोलावत नाहीत, त्यांना लिंक हवी असते, आणि तिथं तुमची पाटी कामाला येते. तेव्हा एकच पथ्य. “मानधन किती?” असं विचारल्यावर “तुम्ही द्याल ते” म्हणायचं नाही. आपल्या बायकांना ती खोडच असते, आणि अभंग गाणाऱ्यांना तर दुप्पट, कारण देवाच्या नावाचे पैसे कसे मागायचे! साउंडवाला देवाच्या नावानं येतो का? मांडववाला? आकडा सांगायचा, निम्मे आगाऊ घ्यायचे, तारीख तेव्हाच पक्की. साथीदारांचे पैसे त्याच रात्री, त्यांच्या हातात. या धंद्यात तुमची पत तिथं ठरते.

स्टुडिओसाठी कर्ज काढू नका. तुमच्याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर राजाश्रय सोडून निघाले, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची पुस्तकं छापली. आजच्या भाषेत बोलायचं तर स्वतंत्र कलाकारच तो, आणि तोही तेव्हा, जेव्हा गवयाला संस्थानाबाहेर पोट नव्हतं. मैफलीनं त्यांना तारलं, विद्यार्थ्यांनी तारलं. अडचणीत आणलं ते मुंबईच्या इमारतीच्या कर्जानं. ती शेवटी लिलावात गेली. तुम्हाला तीन लाखांची भिंत नको आहे. एक चांगला मायक्रोफोन, एक ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणारं यंत्र), आणि कपड्यांचं भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर उभं राहून गाणं. कपडे आवाज शोषतात, खोलीचा घुमारा मारतात. पंचवीस-तीस हजारांत होतं. मिक्सिंगला एखादं गाणं बाहेर द्या आणि भावाला शेजारी बसून बघू द्या.

आता नोकरी. नाही, आत्ता सोडू नका. तुमचे चौदा हजार हीच या घडीला तुमची म्युझिक कंपनी आहे, आणि ती हक्क मागत नाही. आपलं काम सुगीचं आहे. आषाढापासून दिवाळीपर्यंत वाहतं (मधले पितृपक्षाचे पंधरा दिवस फोनही वाजत नाही), मग कार्तिकी, मग थेट पाडव्यापर्यंत तुरळक. त्यामुळे एका चांगल्या ऑक्टोबरवर भुलून राजीनामा देऊ नका. पूर्ण बारा महिने गाण्याचं वेगळं बँक खातं ठेवा. साथीदार, प्रवास, वर्गणी सगळं वजा जाऊन महिन्याची सरासरी चौदा हजारांवर गेली आणि सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक असला, की क्लास सोडा. तोवर क्लासच्या मालकांकडून दुपारनंतरचे तास काढून घ्या, संध्याकाळ मोकळी हवी. शनिवार-रविवार चार मुलींना गाणं शिकवायला घेतलंत तर ते चौदा हजार दूर नाहीत.

बाबांचं ‘दोन वर्षं’ मला आवडलं. धमकी म्हणून घेऊ नका, मुदत म्हणून घ्या, आणि दर तीन महिन्यांनी त्यांना खात्याचा ताळेबंद दाखवा. पहिल्या बैठकीला दारात वही घेऊन त्यांनाच बसवा. बँकेच्या परीक्षांचं काय ते मी सांगणार नाही. तुम्ही गाता कशा ते मी ऐकलंय, पण तुमच्या घरावर हप्ते किती आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही.

ता. क. : कराराच्या पानांवर खाली आकडे छापलेत. तुम्ही पाठवलेल्या स्कॅनमध्ये सहाच्या पुढं एकदम आठ आहे. सातवं पान स्कॅन करताना राहिलं की कंपनीनं पाठवलंच नाही, ते बघा. पाठवलं नसेल तर मागून घ्या, आणि मग वकिलाकडे जा.